अर्जातली कॉन्स्टन्सी

कॉन्स्टन्सी हा शब्द आमच्या गावात आणला तो मी. त्याआधी तो गावात नव्हता आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

मी सीमाप्रश्नाच्या समितीची पत्रकं लिहितो. हायस्कुलात असताना दुसऱ्यांनी लिहिलेली वाटत होतो, आता स्वतः लिहितो. निर्धार, एकजूट, वज्रमूठ, जाहीर निषेध हे शब्द हाताला इतके बसलेत की चुलतभावाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर लिहायला बसलो, तर शेवटी ‘बहुसंख्येने सामील व्हा’ असंच आलं. पण पत्रक वेगळं आणि अर्ज वेगळा. आमच्या भागात अर्जातल्या मागणीपेक्षा अर्जाच्या भाषेवर जास्त वेळ जातो. मराठीत दिला तर टेबलापलीकडं वाचणारा मिळेलच असं नाही. कन्नडमध्ये द्यायचा म्हटलं तर बैठकीतले अर्धे लोक चपला शोधायला लागतात, आणि त्यात पहिला मी असतो. मग राहते इंग्रजी. ती त्यांनाही कमी येते आणि आम्हालाही कमी येते, त्यामुळे कुणाचाच अपमान होत नाही. सीमाभागातले कितीतरी अर्ज असे धड कुणालाच न येणाऱ्या भाषेत आपली मागणी मांडत फिरत असतात.

आमची मागणी साधी होती. खानापूर तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत, जंगलाच्या कडेला आमचं गाव. तिथली सकाळची खानापूरवरून बेळगावला जाणारी बस बंद झाली होती, ती परत सुरू करा. बंद का झाली? रिकामी जायची म्हणून. रिकामी का जायची? गावातली कर्ती पोरं सगळी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांत कामाला, आणि प्रत्येकाच्या दारात मोटारसायकल. ही दुसरी गोष्ट आम्ही अर्जात लिहिली नाही.

बस गेल्यानं खरं अडलं ते शेजारच्या आप्पांच्या पोरीचं. ती खानापूरला सायन्सला, सेकंड पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या वर्षात. आप्पा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. त्यांची सेकंड शिफ्ट असली की सकाळी ते तिला गाडीवरून फाट्यापर्यंत सोडायचे आणि पुढं तिला बस मिळायची. फर्स्ट शिफ्ट असली की ते अंधारातच निघून गेलेले असायचे, आणि तो आठवडा पोरगी घरी. फाट्यापर्यंतचा रस्ता झाडीतला, त्यात गवे उतरतात. एकटीनं चालत जायचा तो रस्ता नाही. बाकीच्या पोरी आधीच खानापुरात नातेवाइकांकडं राहायला गेल्या होत्या. हिची एकुलती मावशी कणकुंबीला, म्हणजे कॉलेजपासून आणखी लांब. अशी आठवडाआड हजेरी लागून लागून शेवटी कॉलेजनं सांगितलं, आणखी खाडे झाले तर परीक्षेचं हॉल तिकीट मिळणार नाही. ते ऐकून आप्पा म्हणाले, “अर्धंमुर्धं शिकून काय करायचंय? दिवाळीपर्यंत बघतो. बस आली तर आली, न्हायतर काजूच्या फॅक्टरीत जाऊ दे. तिथली गाडी दारात येती.”

आप्पा वाईट माणूस नव्हे. काजूची गाडी दारात येते आणि कॉलेजची येत नाही, एवढंच ते म्हणत होते. मला मात्र संताप आला, आणि संताप आला की मी लिहायला बसतो.

अर्ज मी कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत फोनवर लिहिला. ‘निर्धार’ला इंग्रजी शब्द सापडला तो पहिल्या परिच्छेदातच दोनदा वापरून झाला. तिसऱ्यांदा तोच नको म्हणून फोनला दुसरा मागितला, तर त्यानं कॉन्स्टन्सी ऑफ पर्पज असा अख्खा प्रयोगच पुढं केला. दिसायला भारदस्त होता. मी लिहिलं की आमचं गाव ज्या कॉन्स्टन्सी ऑफ पर्पजसाठी ओळखलं जातं, तिला जागून आम्ही ही मागणी करत राहू. आमचं गाव तोवर ओळखलं जायचं ते रताळ्यांसाठी.

डेपोत आम्ही पाच जण गेलो. साहेब कन्नड माणूस, मराठी चांगलं बोलणारा. अर्ज त्यांनी बोट फिरवत वाचला आणि एका जागी बोट थांबलं.

“पर्पज कळलं. हे कॉन्स्टन्सी म्हणजे काय हो?”

आमच्यातले दूध डेअरीचे चेअरमन म्हणाले, “लई पॉवरफुल शब्द हाय सायब.”

“निर्धार,” मी म्हणालो.

“निर्धार वर दोन वेळा लिहिलाय की. मग हे वेगळं असणार.”

हा माणूस टिंगल करत असता तर मला बरं वाटलं असतं. टिंगलीला उत्तर द्यायला मी शिकलेलो आहे. पण त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी क्लार्कला फोनवर बघायला लावलं. क्लार्कनं कन्नडमध्ये वाचून दाखवलं, त्यातलं ‘स्थिरते’ तेवढं मला कळलं. साहेबांनी मान डोलावली. “हां. म्हणजे रोज तेच. आज एक, उद्या एक असं नाही.” मग त्यांनी अर्ज घडी करून ठेवला. “पंधरा दिवस गाडी सोडतो. रोज किती लोक बसतात कंडक्टर लिहून आणेल. लोक असले तर पुढं बघू. एका दिवसाची गर्दी मला नको. तुम्ही लिहिलंय तसं पाहिजे.”

बाहेर आल्यावर चेअरमननी माझ्या पाठीवर थाप मारली. “शब्दानं काम केलं बघ!”

बस सुरू झाली त्या सकाळी गावात सण होता. रस्त्यावर रांगोळी, बसला झेंडूचा हार, काचेला हळदकुंकू. नारळ कुणी फोडायचा यावरून चेअरमन आणि एक माजी चेअरमन यांच्यात बोलाचाली झाली, म्हणून दोन नारळ फुटले. ड्रायव्हर-कंडक्टरला टॉवेल-टोपी. मग माझं भाषण. हा गावाच्या एकजुटीचा विजय आहे, असं मी बोललो आणि टाळ्या पडल्या. आप्पांची पोरगी आणि डोळ्याच्या डॉक्टरकडं निघालेली एक म्हातारी अशा दोघी बसमध्ये चढल्या. कंडक्टरनं आमच्याकडं पाहिलं, आम्ही हात हलवले. बस सुटली.

आणि मग आमच्या लक्षात आलं की कामाला उशीर झालाय. सगळ्यांनी किका मारल्या. फाट्याच्या अलीकडच्या वळणावर आम्ही आमच्याच बसला ओव्हरटेक केलं, एकामागून एक, समितीचे सगळे. उत्साहात काहींनी हॉर्नही वाजवला. कंडक्टर खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होता.

संध्याकाळी पोरगी दारातच भेटली. “दादा, सकाळी हॉर्न कुणाला वाजवला?”

“अगं, आनंदात.”

“कंडक्टरनं मला इचारलं, हे कसलं ऊर म्हणून. ऊर म्हणजे गाव, त्येवढं कन्नड येतंय मला. मी म्हणलं, मला म्हाईत न्हाय, मी पावणी हाय हितं.”

“किती लिहिले त्यानं?”

“दोन. आन् म्हातारी उद्या न्हाय. तिचा डोळा आजच बघून झाला.”

ती आत गेली. राग कुणावर काढायचा ते कळेना, कारण या वेळी डेपोनं काहीच चुकवलं नव्हतं. विरोधी पक्ष नसलेलं आंदोलन मी कधी केलं नव्हतं. पण डोक्यात घोळत होता तो साहेबांचा प्रश्न. आपण लिहिलं ते नक्की काय लिहिलं?

गावात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. मी अर्जाची प्रत घेऊन त्यांच्याकडं गेलो. ते अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या गोळा करत होते. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

“हे कुणाबद्दल लिहिलंस?”

“आपल्या गावाबद्दल, सर.”

“म्हणजे स्वतःबद्दल. अरे, हा शब्द स्वतःला लावत नाहीत.”

“का?”

“प्रथा नाही. दुसऱ्यानं लावायचा असतो, आणि तोही शेवटी. निरोपाच्या भाषणात, शोकपत्रात. अमक्याची मैत्री, तमकीचं प्रेम, एखाद्याचं कुत्रं.”

“कुत्रं?”

“व्हय. कुत्र्याबद्दल पुष्कळदा वाचलंय. समितीबद्दल वाचल्याचं आठवत नाही.”

मी हसलो नाही. विचारलं, मराठीत काय म्हणायचं? निष्ठा? ते म्हणाले, जवळ आहे, पण निष्ठेला कुणीतरी समोर लागतं, देव नाहीतर पुढारी. चिकाटी? चिकाटी म्हणजे जमत नसताना लावून धरणं. इथं जमत असतानाही सोडायचं नाही, असा भाव आहे. ठामपणा? तो बोलण्यात असतो. सातत्य? “सातत्य बरं आहे. पण सातत्य पावसालाही असतं. यात माणसानं मनात धरलेलं काहीतरी पाहिजे.” आणि निर्धार? त्यावर सर माझ्याकडं बघून म्हणाले, “निर्धार तू पहिल्या दिवशी केलास की. भाषण चांगलं झालं म्हणे.”

मला हे आवडायला लागलं होतं, म्हणजे शब्दाच्या मागं असं फिरणं. आयुष्यभर शब्द वापरले, पण एखाद्याला उलटून त्याच्या बुडाशी काय आहे ते पाहिलं नव्हतं. तेवढ्यात आठवलं की उद्या सकाळी बसमध्ये फक्त आप्पांची पोरगी असणार आहे.

देवळापुढं बैठक बोलावली. मी सरळ विचारलं, “उद्यापासून गाड्या घरात ठेवून बसनं कोण येणार?”

गावाला एकदम घसा खाकरायची साथ आली. फर्स्ट शिफ्टवाल्यांचं खरंच होतं, त्यांच्या वेळेला ही बस उपयोगाची नाही. पण जनरल शिफ्टवाले? एकाला बस लागते. एकाची गाडी नवी, उभी ठेवली तर बॅटरी उतरते. एकजण म्हणाला, बस उद्यमबागेत पोचते तोवर आमचा लेट मार्क लागतोय, त्याचं काय? हेही खरंच होतं, आणि मलाही ते लागू होतं.

मग माजी चेअरमननी आमच्या गावालाच सुचेल अशी तोड काढली. “पैसे गोळा करू. कंडक्टरकडं रोज धा-बारा तिकिटं फाडायची. माणसं गाडीवरनं जाऊ देत, तिकिटं बसनं जातील.”

याला जोरदार पाठिंबा मिळाला, हे मी लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी एकानं जाऊन कंडक्टरला विचारलंही. कंडक्टर म्हणाला, “तिकीट माणसाला देतो मी. माणूस आत आण.”

संध्याकाळी पुन्हा बैठक बसली, तेव्हा तोडगा काढला तो बचत गटाच्या एका आक्कांनी. त्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. बाईमाणूस बैठकीत बोलायचं म्हणजे आधी दोघंचौघं वळून बघतात. तसं बघून झालं.

“रानात राखणीची पाळी लावता का न्हाय? तशी लावा की.”

भात पोसायला लागलं की आमच्याकडं रानडुकरं आणि गवे शिवारात उतरतात. मग वावराच्या कडेला माळा बांधून राखण करायची असते, आणि ती घरटी पाळीनं असते. आज या घरातले दोघे, उद्या त्या घरातले. पाळी चुकवायची नाही. ज्यानं चुकवली त्याच्या एकट्याच्या वावरात डुकरं शिरत नाहीत, सगळ्यांच्या शिरतात. म्हणून त्याला कुणी दंड करत नाही, नुसतं दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलत नाहीत. भाषण, हार, शपथ यांतलं काही नसतं. घोंगडं घ्यायचं, डबा घ्यायचा, जायचं.

“आन् बायकांस्नी सरकारनं बस फुकट केल्या, पैसंबी न्हाईत,” आक्का म्हणाल्या. “आधार कार्ड दावलं की झालं. रोज चार बायका आमी देतो. तुमी किती गडी देता बोला.”

गड्यांना आता गप्प बसणं परवडणारं नव्हतं. पाळी लागली. रोज चार बायका, चार पुरुष, आणि मी रोज. मी रोज असं कुणी म्हटलं नव्हतं. माझं नाव कुठल्या वारी घालायचं यावर चर्चाच झाली नाही, एवढंच.

आणि मग जे सुरू झालं त्यावर पत्रक निघू शकत नाही. मी प्रयत्न केला. रोज सकाळी बसमध्ये बसणं, याला जोरदार क्रियापदच नाही. घोषणा कुणाविरुद्ध द्यायची? खिडकी हलते, सीटचा पत्रा टोचतो, गुंजीकडनं येणाऱ्या गाडीसाठी रेल्वे फाटक बंद असलं की तिथं थांबायचं. उद्यमबागेत पोचलो की सुपरवायझर घड्याळाकडं न बघताच म्हणायचा, “आली का समिती?”

बायकांनी मात्र बस अंगवळणी पाडून घेतली. पहिल्या दिवशी त्या नुसत्याच खानापूरला जाऊन आल्या. नंतर कारणं निघाली. कुणाचं रक्त तपासायचं राहिलं होतं, कुणाला लेकीच्या दारात नुसतं उभं राहून यायचं होतं, कुणाला ब्लाउज बदलून आणायचा होता. एका म्हातारीला कारणच सापडेना. ती डेअरीचा रिकामा कॅन घेऊन गेली आणि तसाच परत घेऊन आली. “हातात काय न्हाय आन् बसमधी बसलंय, बरं दिसंना,” म्हणाली.

एकदा शेजारच्या गावची जत्रा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीवाल्या पुरुषांपैकी एकही फिरकेना. बायका दोघीच आल्या. बस सुटायची वेळ झाली, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कंडक्टरनं घंटीची दोरी धरून मला विचारलं, “बस्स? एवढेच?” त्याचा आवाज पहिल्या दिवसासारखा नव्हता. त्यालाही आकडा कमी न्यायचा नव्हता, असं मला वाटलं. ड्रायव्हरनं उगाच लांबलचक हॉर्न दिला. तेव्हा बोळातनं एकजण पळत आला, कानाला साबण, खांद्यावर टॉवेल, पायात एकाच जोडाच्या नसलेल्या चपला. चढला आणि दांडी धरून धापा टाकत म्हणाला, “बायको म्हणली, डुकरं शिरली!” अख्खी बस हसली. आप्पांची पोरगी पुस्तकात तोंड घालून हसत होती.

त्याच दिवशी मी तिच्या मागच्या सीटवर होतो. डोक्यातला शब्द गेला नव्हताच. तिला विचारलं, तुमच्या सायन्समध्ये कॉन्स्टंट म्हणतात, तो यातलाच का?

“आसंल. पर आमच्यात लई साधं असतंय दादा. प्रयोग करताना तापमान कॉन्स्टंट ठेवा म्हणतात. ते आपलं आपण ऱ्हात न्हाय. एकाला तिथं उभं करतात. बाकीची पोरं रीडिंग घेतात, दंगा करतात. त्यो एकटा बर्नर कमी-जास्त करत थर्मामीटरकडं बघत बसतोय.”

“मग मार्क त्याला जास्त?”

“सगळ्यांना सारखं. म्हणून तर कोण उभं ऱ्हात न्हाय.”

“मग तुमच्यात कोण राहतं?”

तिनं पान उलटलं. “मी खाडे केलते न्हवं. प्रयोगाला नसलेल्यास्नी तिथंच उभं करतात.”

पंधरवडा सरला. शेवटच्या दिवशी मी डेपोत फोन केला. साहेब म्हणाले, कागद वर पाठवलाय, आकडे बरे आहेत, ऑर्डर यायची आहे. उद्या गाडी येणार का? “बघू,” म्हणाले. मला पुन्हा संताप आला, पण या वेळी लिहायला बसलो नाही. पाळी तर आजच्यापुरतीच लावली होती. उद्याची कुणाला सांगितलीच नव्हती, आणि सांगायची कशाच्या जोरावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी थांब्यावर मी आणि आप्पांची पोरगी, दोघंच. थोड्या वेळानं आप्पा गाडीवरून आले. त्यांची सेकंड शिफ्ट होती. गाडी बंद न करता तशीच टेकवून बसले. बस आली नाही तर आज ते तिला फाट्यावर सोडणार होते. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, तेव्हा पुढचं कुणी बोलत नव्हतं. बस यायची वेळ टळली. पोरगी रस्त्याकडं बघतच नव्हती. दप्तराचा पट्टा लांब-आखूड करत होती.

“पुस्तकं कुणाला तरी देऊन टाकायची तर आत्ताच द्यावीत,” ती कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली. “परीक्षेच्या तोंडावर कोण घेत न्हाय.”

आप्पांनी तोंड फिरवलं.

मग बस आली. कंडक्टरनं दार उघडलं. मी विचारलं, “ऑर्डर आली?”

“नाही.”

“मग?”

“बंद करायची पण नाही आली. गाडी काढ म्हणाले, काढली.”

“आणि उद्या?”

“उद्याचं मला कसं माहीत? तुम्ही येणार का उद्या, सांगा.”

पोरगी चढली. मी पायरीवर पाय ठेवला. मागनं आप्पांचा आवाज आला, “आज कुणाची पाळी?”

“पाळी काल संपली आप्पा.”

त्यांनी बसमध्ये डोकावून पाहिलं. सगळ्या सीट रिकाम्या, एकीवर त्यांची पोरगी. त्यांनी गाडी बंद केली, ढकलत किराणा दुकानाच्या पडवीत लावली, किल्ली दुकानदाराकडं टाकली आणि येऊन पुढच्या सीटवर बसले, पोरीपासून लांब, ओळख नसल्यासारखे.

“कुठं?” कंडक्टरनं विचारलं.

“खानापूर.”

“काय काम?”

“काम काय न्हाय. माझी पाळी हाय.”

पोरीला हॉल तिकीट मिळालं. बसची ऑर्डर मात्र अजून आलेली नाही. बंद करायचीही आली नाही, म्हणून बस येते. पाळी आम्ही नव्यानं लावली आहे, या वेळी शेवटची तारीख न घालता. चेअरमन बुधवारी असतात, माजी चेअरमन शुक्रवारी, आप्पा सेकंड शिफ्टच्या आठवड्यात रोज. मंगळवारला एक माणूस कमी पडतोय. दोघांना विचारलंय, दोघंही बघतो म्हणालेत.